गंधकाचा हिशेब

पावसाचे पाणी मुळातच किंचित आंबट असते. हवा कितीही स्वच्छ असली तरी तिच्यातला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो, त्याचे सौम्य आम्ल होते आणि पाण्याचा सामू ७ वरून ५.६ च्या आसपास उतरतो. माती परीक्षणाच्या पत्रिकेवर शेतकरी वाचतो तोच हा सामू. त्याची मोजपट्टी मात्र फसवी आहे. आकडा एकाने उतरला की आम्लता दहापट झालेली असते. कोळशात आणि खनिज तेलात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड होतो आणि काही तास ते काही दिवस हवेत राहून त्याचे गंधकाम्ल बनते. भट्ट्यांच्या आणि इंजिनांच्या उष्णतेत हवेतल्याच नत्राचे ऑक्साइड तयार होतात, त्यांचे पुढे नायट्रिक आम्ल होते. ही दोन आम्ले ढगात मिसळली की पावसाचा सामू ४ च्या घरात येतो. यालाच आम्ल पाऊस म्हणतात.

रसायन एवढेच आहे. अवघड होता तो हिशेब. धूर निघतो एका देशात, आम्ल उतरते दुसऱ्याच देशात आणि मधल्या हजारेक किलोमीटरच्या वाटेत त्याचे रूप पालटलेले असते. मग कोणाच्या धुराड्यातले किती गंधक कोणाच्या तळ्यात पडले, हे ठरवायचे कोणी आणि कसे? या प्रश्नाने युरोपची चाळीसेक वर्षे घेतली. त्यातून एक आंतरराष्ट्रीय करार निघाला. रसायन, हवामान, अर्थकारण आणि कायदा एकाच वर्गात शिकवणारा ‘पर्यावरण विज्ञान आणि धोरण’ हा विषय ज्या थोड्या प्रश्नांवर घडला, त्यांतही हा प्रश्न ठळक आहे.

सुरुवात मँचेस्टरची. कापडगिरण्यांच्या या शहरात रॉबर्ट अँगस स्मिथ या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पावसाचे पाणी तपासायला घेतले आणि शहराच्या मध्याकडे जावे तसे ते अधिक आम्लधर्मी होते, हे १८५२ मध्ये नोंदवले. ब्रिटनने १८६३ मध्ये अल्कली कायदा केला, तेव्हा कारखान्यांवर लक्ष ठेवणारा पहिला निरीक्षक म्हणून नेमणूक झाली ती याच स्मिथची. प्रयोगशाळा आणि सरकारी अंमलबजावणी एका माणसाच्या हाती येण्याचा हा फार जुना दाखला. १८७२ मध्ये त्याने हवा आणि पाऊस यांवर मोठा ग्रंथ लिहिला. ‘आम्ल पाऊस’ हा शब्दप्रयोग त्यात आहे. सामूची पट्टी तेव्हा जन्मलीही नव्हती. ती १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत सोरेनसेन यांनी आणली. स्मिथचा ग्रंथ पुढे जवळजवळ शंभर वर्षे कोणी फारसा उघडला नाही.

दुसरी सुरुवात स्वीडनची, आणि तिचा हेतू अगदी वेगळा होता. १९४० च्या दशकात उप्सालाच्या कृषी महाविद्यालयातील मृदाशास्त्रज्ञ हान्स एग्नेर यांना पावसाबरोबर शेताला फुकट किती खत मिळते, हे जाणून घ्यायचे होते. त्यांनी ठिकठिकाणी पाऊस साठवणारी भांडी मांडली आणि साठलेल्या पाण्यातले नत्र, गंधक, क्षार नेमाने मोजायला सुरुवात केली. हवामानशास्त्रज्ञ कार्ल-गुस्ताफ रॉसबी आणि एरिक एरिक्सन यांनी १९५० च्या दशकात हे जाळे स्वीडनबाहेर, युरोपातल्या अनेक देशांत पसरवले. भांडे सारखे, गोळा करण्याचा कालावधी सारखा, तपासणीची रीत सारखी. कोणावरही आरोप करण्यासाठी हे जाळे नव्हते. म्हणूनच पुढे त्याच्या आकड्यांवर शंका घेणे जड गेले.

एग्नेर यांच्याच परंपरेतले स्वांते ओडेन यांनी या आकड्यांच्या रांगा एकत्र लावल्या. स्कँडिनेव्हियातला पाऊस वर्षागणिक अधिक आम्लधर्मी होत होता, आणि वाऱ्याची दिशा पाहता गंधक येत होते ते ब्रिटन आणि मध्य युरोपातून. २४ ऑक्टोबर १९६७ रोजी ओडेन यांनी हा निष्कर्ष मांडला, तो संशोधनपत्रिकेत न मांडता ‘दागेन्स न्यूहेतर’ या स्वीडिश दैनिकात. युरोपातल्या राष्ट्रांमध्ये एक प्रकारचे रासायनिक युद्ध चालू आहे, अशी त्यांची मांडणी होती. शास्त्रज्ञांना ही भाषा भडक वाटली. स्वीडनच्या सरकारला मात्र ती नेमकी समजली.

पाऊस तर सगळीकडेच पडत होता. मग तळी स्कँडिनेव्हियातलीच का मेली? उत्तर खडकात आहे, आणि महाराष्ट्रातल्या वाचकाला ते चटकन कळेल. देशावरची काळी जमीन बेसाल्टपासून बनलेली, चुन्याने भरलेली. तिचा सामू सहसा ७ च्या वर असतो आणि आम्ल पडले तरी ती पचवते. कोकणातली जांभ्याची जमीन तशी नाही. शतकानुशतकांच्या पावसाने तिच्यातला चुना धुऊन नेला आहे आणि ती आधीच आम्लधर्मी आहे. दक्षिण नॉर्वे आणि स्वीडनमध्ये ग्रॅनाइटच्या खडकावर मातीचा पातळ थर आहे, चुना नगण्य. तिथे पडलेले आम्ल मातीतले अ‍ॅल्युमिनियम सुटे करते. ते तळ्यात उतरते, माशांच्या कल्ल्यांवर बसते आणि मासा पाण्यात असूनही गुदमरतो. हिवाळाभर बर्फात साठलेले आम्ल वसंतात पहिल्या वितळीबरोबर एकदम वाहून येते, आणि नेमकी तीच अंड्यांतून पिल्ले बाहेर पडण्याची वेळ. १९७५ च्या वसंतात नॉर्वेच्या टोवडाल नदीत मेलेल्या ट्राउट माशांचा खच पडला, तो असाच.

या साऱ्यात एक कडवट विनोद आहे. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस धुराचे दाट धुके बसले आणि हजारो माणसे दगावली. १९५६ मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. घरोघरच्या शेगड्यांचा धूर कमी झाला आणि वीजकेंद्रे शहराबाहेर, उंच धुराड्यांची झाली. यॉर्कशरमधल्या ड्रॅक्स केंद्राचे धुराडे २५९ मीटरचे आहे. कॅनडातल्या सडबरीच्या निकेल प्रकल्पावर १९७२ मध्ये उभे राहिले ते ३८१ मीटरचे होते. धुराड्याच्या पायथ्याशी हवा खरोखरच सुधारली. गंधक मात्र तेवढेच राहिले, फक्त ते वरच्या वाऱ्यात शिरून अधिक लांब जाऊ लागले. स्थानिक कायद्याने स्थानिक प्रश्न सोडवला आणि तोच प्रश्न आंतरराष्ट्रीय करून ठेवला.

अटलांटिकपलीकडे, न्यू हॅम्पशरच्या हबर्ड ब्रुक जंगलात, १९६३ मध्ये जीन लाइकेन्स, हर्बर्ट बोरमन आणि त्यांचे सहकारी वेगळ्याच कामाला लागले होते. तिथल्या छोट्या पाणलोटांखालचा खडक इतका घट्ट आहे की पाणी जमिनीत फार मुरून नाहीसे होत नाही; आत येते ते पावसाने, बाहेर जाते ते ओढ्याने. म्हणजे जंगलाची खातेवही मांडता येते. पावसातून किती चुना, गंधक, नत्र जमा. ओढ्यातून किती खर्च. पहिल्याच नमुन्यांमध्ये पाऊस अपेक्षेपेक्षा कित्येक पटींनी आम्लधर्मी निघाला. त्यातून लाइकेन्स आणि सहकाऱ्यांनी १९७२ पासून लिहिलेल्या लेखांनी अमेरिकेत हा विषय चव्हाट्यावर आणला. नोंदी आजही चालू आहेत. साठ वर्षांहून लांब अशी रांग जगात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि ती लांबली ती आठवड्याच्या आठवड्याला बाटली बदलणाऱ्या माणसांमुळे.

जून १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची मानवी पर्यावरण परिषद भरली. भारतात ती इंदिरा गांधींच्या भाषणासाठी लक्षात राहिली. यजमान ओलोफ पाल्मे सोडले तर पंतप्रधानपदावरून आलेल्या त्या एकट्याच. पण यजमानांची मुख्य तयारी गंधकाची होती. हवामानशास्त्रज्ञ बर्ट बोलीन यांच्या नेतृत्वाखाली स्वीडनने एक अभ्यास सादर केला, ज्याचा विषयच मुळी राष्ट्रीय सीमा ओलांडणारे हवेचे प्रदूषण हा होता. हेच बोलीन पुढे १९८८ मध्ये आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीचे पहिले अध्यक्ष झाले. परिषदेच्या जाहीरनाम्यातले एकविसावे तत्त्व सांगते, की आपली साधनसंपत्ती वापरण्याचा हक्क प्रत्येक राष्ट्राला आहे, मात्र त्या वापराची झळ दुसऱ्याच्या हद्दीत पोचू नये ही जबाबदारीही त्याचीच. तत्त्व उत्तम होते. झळ पोचते हे सिद्ध करणे बाकी होते, आणि ब्रिटनसारखे देश तेच मागत होते.

सिद्धतेचे काम ओईसीडी या आर्थिक संघटनेच्या छत्राखाली झाले. १९७२ ते १९७७ या काळात पश्चिम युरोपातल्या अकरा देशांनी एकत्र मोजणी केली. समन्वय होता ओस्लोजवळच्या नॉर्वेजियन वायुसंशोधन संस्थेकडे. हवेचे प्रवाह गणिताने मांडून, देशोदेशीच्या उत्सर्जनाचे आकडे त्यात घालून, कोठून निघालेले गंधक कोठे उतरते याचे तक्ते तयार झाले. अकरापैकी पाच देशांत पडणाऱ्या गंधकाचा निम्म्याहून अधिक वाटा परदेशी होता. आडव्या ओळीत देणारा, उभ्या ओळीत घेणारा अशा या तक्त्यांना शास्त्रज्ञांमध्ये पुढे ‘दोषतक्ता’ असेच नाव पडले. मुत्सद्द्यांना ते नाव आवडत नसे, पण वाटाघाटीच्या टेबलावर कागद तोच असे.

नंतरची चाल राजकारणाने दिली. १९७५ च्या हेलसिंकी परिषदेनंतर सोव्हिएत संघाला पश्चिमेशी बोलण्यासाठी एखादा निरुपद्रवी विषय हवा होता. सोव्हिएत नेते ब्रेझनेव्ह यांनी ऊर्जा, वाहतूक आणि पर्यावरण असे तीन विषय सुचवले. नॉर्वे-स्वीडनने त्यांतले पर्यावरण उचलले. १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनिव्हात दूरवर पसरणाऱ्या हवेच्या प्रदूषणाविषयीच्या करारावर पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही गटांच्या तीसहून अधिक देशांनी सह्या केल्या. या करारात कपातीचा एकही आकडा नव्हता. टीकाकारांनी त्याची टर उडवली आणि वरवर पाहता ते बरोबरही होते. पण करारात एक गोष्ट पक्की होती, ती म्हणजे एमेप हे संयुक्त मोजणीचे जाळे. त्याची दोन गणनकेंद्रे ठरली, एक ओस्लोत आणि दुसरे मॉस्कोत, आणि रासायनिक तपासणीचा समन्वय नॉर्वेकडे राहिला. दरवर्षी सगळ्या देशांच्या प्रयोगशाळांना एकच नमुना पाठवायचा आणि कोणाचा आकडा किती चुकतो ते पाहायचे, ही रीत तिथे रुजली. सोव्हिएत संघ आपल्या हद्दीतल्या उत्सर्जनाचे पूर्ण आकडे द्यायला नाखूश होता. म्हणून या कराराला जोडलेल्या १९८५ च्या हेलसिंकी उपकराराच्या नावातच पळवाट ठेवली गेली: उत्सर्जनात ‘किंवा’ सीमेपार जाणाऱ्या प्रवाहात तीस टक्के कपात. असल्या ‘किंवा’वर शीतयुद्धातले पुष्कळसे सहकार्य तगून होते.

कपातीला राजी होण्याची कारणे प्रत्येक देशाची वेगळी निघाली. पश्चिम जर्मनी सुरुवातीला ब्रिटनच्या बाजूने होता. १९८० च्या सुमारास त्याच्याच सूचिपर्णी जंगलांतली झाडे पिवळी पडू लागली. ग्योटिंगेनचे बर्नहार्ड उलरिख यांनी मातीतल्या अ‍ॅल्युमिनियमने मुळे मरतात असा सिद्धांत मांडला आणि १९८१ मध्ये ‘डेर श्पीगेल’ने मरणाऱ्या जंगलावर मुखपृष्ठकथा केली. १९८२ च्या स्टॉकहोम बैठकीत जर्मनीने बाजू बदलली आणि पुढच्याच वर्षी आपल्या वीजकेंद्रांसाठी कडक नियम केले. जंगले सरसकट मरतील हे भाकीत खरे ठरले नाही, हे इथे सांगितलेच पाहिजे. दुष्काळ, कीड, मातीचा जुना ऱ्हास अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली होती. अर्धवट बरोबर सिद्धांताने पूर्ण बरोबर धोरण घडवल्याचे हे उदाहरण आहे. ते शिकवताना प्राध्यापक अजून अडखळतात.

ब्रिटनला पटायला तळ्यातला गाळ लागला. तिथल्या सरकारी वीज मंडळाने आणि कोळसा मंडळाने पन्नास लाख पौंड देऊन एक संशोधन कार्यक्रम उभा केला; तो ब्रिटन, नॉर्वे आणि स्वीडन या तिन्ही देशांच्या विज्ञान अकादमींनी मिळून चालवला. पैसे देणाऱ्यांचा हेतू वेळ काढण्याचा आहे, अशी शंका तेव्हा उघडपणे घेतली गेली. तपासात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या रिक बॅटरबी यांच्या गटाचे काम निर्णायक ठरले. डायटम हे सूक्ष्म शैवाल काचेसारख्या सिलिकाच्या कवचात राहते, मेल्यावर कवच तळाशी बसते आणि कुजत नाही. प्रत्येक जातीला ठराविक सामू मानवतो. म्हणून गाळाचा उभा गाभा काढून थरागणिक जाती मोजल्या की तळ्याच्या आम्लतेची बखरच हाती येते. स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या तळ्यांची बखर सांगत होती, की हजारो वर्षे जवळपास स्थिर असलेली आम्लता एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वाढली. त्याच थरांत कोळशाच्या राखेचे गोल कणही सापडत होते. वनलागवड किंवा जमीनवापरातले बदल यांच्यावर ढकललेला दोष टिकेना. ब्रिटनने मोठ्या केंद्रांवर गंधक काढणारी यंत्रणा बसवण्याचा निर्णय १९८६ मध्येच घेतला होता; या निष्कर्षांनी परतीची वाट बंद केली.

अमेरिकेने दहा वर्षांत सुमारे पन्नास कोटी डॉलर खर्चून आम्ल पावसाचे राष्ट्रीय मूल्यमापन केले. विज्ञान चांगले झाले, पण अंतिम अहवाल येईतो कायदा लिहूनही झाला होता. तिथल्या स्वच्छ हवेच्या कायद्यातल्या १९९० च्या दुरुस्तीने वीजकेंद्रांना गंधकाचे परवाने वाटून त्यांची खरेदी-विक्री खुली केली. कपात भाकितापेक्षा स्वस्तात झाली.

युरोपची पद्धत याच्या उलट होती, आणि तिचे घर ऑस्ट्रियात होते. व्हिएन्नाजवळच्या लाक्सेनबुर्ग गावात हाब्सबुर्ग राजघराण्याचा उन्हाळी राजवाडा आहे. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यासह बारा देशांच्या विज्ञानसंस्थांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली इयासा ही संस्था तिथे आली. पहिले संचालक हार्वर्डचे हॉवर्ड रायफा, परिषदेचे अध्यक्ष मॉस्कोचे जेर्मेन ग्विशियानी. रेगन यांच्या काळात अमेरिकी सरकारने पैसा काढून घेतला, तरी संस्था तगली. १९८३ पासून लेन होर्डाइक, जोसेफ अल्कामो आणि नंतर मार्कुस अमान यांच्या गटाने ‘रेन्स’ हे प्रारूप बांधले. त्यात एका टोकाला प्रत्येक देशाचा ऊर्जावापर होता, मध्ये एमेपचा हवाप्रवास, दुसऱ्या टोकाला माती आणि तळी. सोबत प्रत्येक देशात एक टन गंधक कमी करायला किती खर्च येतो त्याचा आलेख. प्रारूप मुद्दाम साधे ठेवले होते आणि वैयक्तिक संगणकावर चालत असे. एखाद्या देशाच्या प्रतिनिधीने ‘आम्ही एवढेच करू’ म्हटले, की त्याचा परिणाम नकाशावर दाखवता येई.

नकाशावर काय दाखवायचे, हे १९८८ मध्ये स्वीडनच्या स्कूक्लोस्टर इथल्या कार्यशाळेत ठरले. आजच्या ज्ञानानुसार ज्या मर्यादेपर्यंत प्रदूषक पडले तरी एखाद्या परिसंस्थेच्या नाजूक घटकांना लक्षणीय इजा होत नाही, ती त्या परिसंस्थेची सहनमर्यादा. काळ्या जमिनीची जास्त, जांभ्याची कमी, ग्रॅनाइटची त्याहून कमी, असाच हा विचार. प्रत्येक देशाने आपला सहनमर्यादा नकाशा आपल्याच शास्त्रज्ञांकडून करवून घेतला आणि नेदरलँड्समधल्या केंद्रात ते एकत्र सांधले गेले. आपल्याच माणसांनी काढलेला नकाशा नाकारणे मंत्र्यांना कठीण जाते. १९९४ च्या ओस्लो उपकरारात सर्वांना सारखे तीस टक्के हा नियम गेला. प्रत्यक्ष पडणारे गंधक आणि सहनमर्यादा यांच्यातले अंतर साठ टक्क्यांनी कमी करायचे असे उद्दिष्ट घेऊन देशागणिक वेगळे आकडे ठरले. ब्रिटनच्या वाट्याला २०१० पर्यंत ८० टक्के कपात आली. १९९९ च्या गोटेनबर्ग उपकराराने नत्राचे ऑक्साइड, अमोनिया आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगेही हिशेबात घेतली.

युरोपचे गंधक-उत्सर्जन आता जिनिव्हाचा करार झाला तेव्हाच्या पाचव्या हिश्श्याहूनही खाली आहे. तळी सुधारत आहेत, माती मात्र सावकाश. हबर्ड ब्रुकमध्ये १९९९ साली एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचे खनिज पसरून पाहिले, तेव्हा धुऊन गेलेल्या चुन्याची भरपाई झाल्याने झाडे सुधारली. उत्तर युरोपातल्या शेतकऱ्यांना आता गंधकाचे खत विकत घ्यावे लागते. एग्नेर यांनी मोजलेली आकाशातली फुकट मात्रा संपली.

या चाळीस वर्षांत एक नवा माणूस तयार करावा लागला. त्याला सामू आणि सल्फेट समजले पाहिजे, दोषतक्ता वाचता आला पाहिजे, उपकरारातला ‘किंवा’ कशासाठी आहे हेही कळले पाहिजे. इयासा १९७७ पासून दर उन्हाळ्यात देशोदेशीच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना तीन महिने लाक्सेनबुर्गला बोलावते. शीतयुद्धात मॉस्कोचा आणि मॅसॅच्युसेट्सचा विद्यार्थी एका खोलीत बसून एकच प्रारूप चालवत असे, हे अन्यत्र क्वचितच शक्य होते. १९८९ नंतर पूर्व युरोपातल्या काळवंडलेल्या खाण-पट्ट्यांचा हिशेब मांडायला माणसे हवी होती. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीने बुडापेस्टमध्ये पर्यावरण विज्ञान आणि धोरण हा विभागच काढला. २००५ पासून स्वीडनचे लुंड, ग्रीसचे एजियन आणि मँचेस्टर या विद्यापीठांच्या जोडीने तिथे संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम चालू लागला. विद्यार्थी एकाच पदवीसाठी दोन-तीन देशांत राहतो. स्मिथचे शहर असे पुन्हा या गोष्टीत येते. हंगेरीच्या २०१७ च्या कायद्यानंतर हे विद्यापीठ व्हिएन्नाला, म्हणजे लाक्सेनबुर्गच्या शेजारी गेले.

भारतात या शिक्षणाची वाट न्यायालयातून निघाली. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सर्व पातळ्यांवर सक्तीचे करण्याचा आदेश दिला, आणि अंमलबजावणीसाठी २००३ मध्ये पुन्हा बजावावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला, त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या पर्यावरण शिक्षण संस्थेचे डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रभेटीला गुण ठेवलेले होते. ओढ्यावर जाऊन केलेली नोंद हाच त्याचा गाभा. बहुतेक महाविद्यालयांत ती नोंद चिकटवलेल्या चित्रांच्या फायलीत संपली, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोजणीत मात्र भारत मागे नव्हता. हवामान खात्याने १९७० च्या दशकात जागतिक हवामान संघटनेच्या जाळ्याचा भाग म्हणून श्रीनगरपासून मिनिकॉयपर्यंत दहा केंद्रे उभारली. पुणे आणि नागपूर त्यांत होती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने पावसाच्या रसायनावर पुढे पुष्कळ काम केले. निष्कर्ष युरोपला चकवणारा होता: सल्फेट असूनही भारताचा पाऊस बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी नव्हता. हवेत उडणारी चुनखडीयुक्त धूळ आम्ल मारून टाकत होती. मुंबईच्या चेंबूरसारख्या औद्योगिक पट्ट्यात चित्र वेगळे दिसे. केंद्रांच्या दीर्घ नोंदींत सामू हळूहळू उतरत असल्याचेही आढळले. धुळीची ढाल कायमची धरून चालता येत नाही, कारण रस्ते पक्के होतात, धूळ घटते आणि कोळसा वाढतो.

आग्र्यात हाच प्रश्न संगमरवरापुढे आला. सल्फरच्या आम्लाने संगमरवराच्या पृष्ठभागाचे जिप्सम होते. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या अहवालांच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये ताजमहालाभोवतीच्या उद्योगांना कोळसा सोडण्याचा आदेश दिला. त्याच महिन्यात न्यायालयाच्याच आदेशाने चिकूच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या डहाणू तालुक्यासाठी न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. तिथल्या ५०० मेगावॅटच्या औष्णिक केंद्राने गंधक काढणारी यंत्रणा बसवावी असा आदेश या प्राधिकरणाने दिला, आणि अनेक वर्षांच्या ताणाताणीनंतर २००७ मध्ये ती सुरू झाली. समुद्राचे पाणी निसर्गतः अल्कधर्मी असते, त्याच्या फवाऱ्यात धूर धुतला की गंधक उतरते. ट्रॉम्बेच्या केंद्रात हीच युक्ती १९८० च्या दशकाअखेरीपासून वापरात होती. म्हणजे तंत्र महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जुने आहे.

राष्ट्रीय पातळीवर गाडी तेवढी पुढे गेली नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने कोळशावरच्या वीजकेंद्रांसाठी गंधकाची मर्यादा प्रथमच घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने तीन-चतुर्थांशांहून अधिक केंद्रांना ही यंत्रणा बसवण्यातून सूटच मिळाली. भारतीय कोळशात गंधक जेमतेम अर्धा टक्का असते आणि यंत्रणा महाग पडते, ही त्यामागची मांडणी. कोळसा कमी गंधकाचा आहे हे खरेच. पण तो जाळला जातो अफाट, आणि सल्फर डायऑक्साइडच्या उत्सर्जनात भारत जगात अव्वल आहे. शिवाय इथे प्रश्न तळ्यातल्या माशांचा नसून फुफ्फुसांचा आहे. त्या वायूपासून हवेतच बनणारे सल्फेटचे सूक्ष्म कण वीजकेंद्रापासून शेकडो किलोमीटरवर श्वासातून आत जातात. उंच धुराडे हा त्यावर उपाय नाही, हे युरोपने आधीच शिकून ठेवले आहे.

दक्षिण आशियाचाही एक जिनिव्हा आहे. एप्रिल १९९८ मध्ये मालेत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण या आठ देशांनी सीमा ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणाविषयी जाहीरनामा स्वीकारला. मोजणीची केंद्रे आणि प्रशिक्षणवर्ग त्यातून उभे राहिले, सुरुवात जिनिव्हासारखीच झाली. जिनिव्हाच्या करारानंतर कपातीचा पहिला आकडा यायला सहा वर्षे लागली होती. माले जाहीरनाम्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ लोटला आहे आणि त्यात कपातीचा आकडा अजून एकही नाही.